‘साहेबाला विचारू नका’ म्हणे!

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा तो मेसेज पुन्हा आला. ‘नोकरीत पुढे जायचंय? मग अडचण घेऊन साहेबाकडे जाऊ नका.’ खाली चार मुद्दे. एरवी असलं काही मी वाचतही नाही. पण माझ्या भाचीने ते वाचलं, खरं मानलं आणि पहिल्याच नोकरीतले चार दिवस रडत काढले. म्हणून लिहिते आहे.

‘विचारलंत की कच्चे ठरता. रात्र जागा, पण साहेबाला कळू देऊ नका.’ सगळ्यात घातक मुद्दा हाच. भाची एका कारखान्यात क्वालिटीला आहे. एका लॉटचा प्रत्येक नग ड्रॉइंगपेक्षा, म्हणजे मापं दिलेल्या नकाशापेक्षा, मोठा भरत होता. आपलंच मोजायला चुकतंय असं धरून ती मायक्रोमीटर बदलून बदलून मोजत राहिली. लॉट तसाच अडकलेला. पाचव्या दिवशी साहेबांनीच विचारलं, तेव्हा कळलं की गिऱ्हाइकाने माप बदललंय. नवं ड्रॉइंग साहेबांच्या मेलवर, हिच्या टेबलावर जुनंच. महिनाभर जागली असती तरी हिला ते कुठून कळणार होतं?

टोयोटाच्या कारखान्यात गाड्या जोडण्याच्या लाइनवर दोरी असते. अडलं की कामगाराने ती ओढायची. बोर्डावर दिवा लागतो, टीम लीडर येतो आणि गाडी त्या टप्प्याच्या शेवटाला पोचेपर्यंत प्रश्न सुटला नाही तर लाइनच थांबते. याचं मूळ टोयोटा समूहाचे संस्थापक साकिची टोयोडा यांच्या 1924 च्या मागात आहे. धागा तुटला की तो माग आपोआप थांबायचा, खराब कापड पुढे विणलंच जायचं नाही. अडल्याबरोबर सांगणं हे तिथे कामच आहे. त्यात कच्चेपणा कसला?

‘सगळं गूगलवर मिळतं.’ कंपनीचं ड्रॉइंग मिळतं का? ‘न विचारणाऱ्यालाच प्रमोशन’ हे तर कुणीतरी मनाने ठोकून दिलंय.

‘उत्तर घेऊनच जा’ यात थोडं तथ्य आहे, तेवढं मानते. काहीच न बघता ‘सर, होत नाहीये’ म्हणत उभं राहिलं की कुणीही वैतागेल. आणि खेकसणारे साहेबही असतात. तिथे आधी शेजारच्या सीनियरला गाठावं. पण उत्तर सापडेपर्यंत गप्प बसायचं? ‘सर, सगळे नग मोठे भरताहेत, दोन मायक्रोमीटरने मोजले, ड्रॉइंग हेच आहे ना?’ एवढं पहिल्या दिवशी दुपारी विचारलं असतं, तर लॉट संध्याकाळच्या गाडीत गेला असता.

भाचीला हे सांगितलंय. आता ग्रुपवरच्या मोठ्यांनी तो मेसेज पुढे पाठवणं थांबवावं. धाकटा भाचा जूनमध्ये कामाला लागतोय.