‘शंभर टक्के बोनस’बद्दल खुलासा

रामबागेतल्या आपल्या ग्रुपवर परवापासून मेसेज फिरतोय: ‘पोकर साइटवर १०,००० भरा, १०,००० बोनस लगेच काढून घ्या.’ मंडळी, हे खरं नाही.

असा बोनस खात्यात दिसतो, हातात येत नाही. साइट पॉटमधून, म्हणजे डावात जमलेल्या पैशांतून, स्वतःचा कट घेते, त्याला रेक म्हणतात. तुमच्या वाट्याचा रेक जसा जमा होईल, तसा बोनस थोडा थोडा सुटतो. समजा, अट ‘रेकच्या २० टक्के’ अशी आहे. म्हणजे १०,००० सुटायला ५०,००० रुपये रेक आधी भरायचा, आणि तोही मुदतीत. मुदत संपली की उरलेला बोनस रद्द. तेव्हा ठळक अक्षरातले शंभर टक्के राहू द्या; बारीक अक्षरात सुटण्याचा दर आणि मुदत बघा. सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडूसुद्धा (तळलेला कंद) भाव विचारून घेतो आपण!

आणि मुळात, ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवायला आणि त्यांची जाहिरात करायला बंदी घातली आहे. ‘पोकर कौशल्याचा खेळ, त्याला चालतं’ हेही मेसेजमध्ये आहे. कायदा तो भेद करत नाही. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी तेवढं लक्षात घ्यावं.