स्नानागार

डॉक्टरांनी माझा गुडघा वाकवला. ‘कट्’ असा आवाज झाला, तो आम्ही तिघांनीही ऐकला. "जिने कमी करा आणि पोहा," डॉक्टर म्हणाले. छातीपर्यंतच्या पाण्यात अंगाचा भार निम्म्याहून कमी होतो म्हणे. बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, "पोहा म्हणजे, कुठे?"

प्रश्न रास्त होता. बडोद्यात तलाव नाहीत असं नाही. लालबागेत आहे, सरदार बागेत आहे. पण आमची सोसायटी वाघोडिया रोडला, अगदी टोकाला. सकाळच्या बॅचला स्कूटरवरून जाऊन यायचं, तर पाण्यात सुधारलेला गुडघा परतीच्या खड्ड्यांत पुन्हा बिघडायचा. विश्वामित्री भर गावातून वाहते खरी, पण तिथली बॅच मगरींनी भरलेली. शेकड्यांनी आहेत. टोपीची सक्ती नाही, फी नाही. ऑगस्ट 2024च्या पुरात त्यांतली एक घराच्या छपरावर जाऊन बसली होती, ती सगळ्या देशाने पाहिली.

तेव्हा तळमजल्यावरचे काका म्हणाले, "आपल्याकडेच पूल मागू या." माझं अक्षर चांगलं, म्हणून सह्या गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. (अक्षराचा आणि सह्यांचा काय संबंध, हे मला अजून कळलेलं नाही.)

अर्ज शेजारच्या भाईंनी शुद्ध गुजरातीत लिहून दिला. त्यात स्विमिंग पूलला शब्द होता ‘स्नानागार’. तिथेच घात झाला.

पहिल्याच दारात आजींनी चष्मा लावून अर्ज वाचला, मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमच्या घरात न्हाणीघर नाही का रे?"

"आहे, आजी."

"मग चारचौघांत आंघोळी कशाला?"

पोहायला, असं मी समजावलं. "मग तसं लिहावं," म्हणत त्यांनी सही केली. मोडीचं वळण असलेली ती सही पूर्ण व्हायला पाच मिनिटं लागली. तेवढ्यात मला चहा मिळाला, म्हणून तक्रार नाही.

पुढच्या वहिनींना लेडीज बॅचची वेळ आधी हवी होती. पहाटे नको, डबे असतात. दुपारी नको, ऊन असतं. संध्याकाळी भजन. सगळं जुळवल्यावर त्यांच्या वाट्याला रात्री साडेदहा आले, तेव्हा त्या म्हणाल्या, "इश्श!" आणि तरीही सही केली. एका भाईंच्या साल्याचा टाइल्सचा धंदा होता. त्यांनी दोनदा सही केली.

खरी परीक्षा घेतली तिसऱ्या मजल्यावरच्या अकाउंटंटने. पंचवीस मीटर लांब, साडेबारा रुंद, सरासरी दीड मीटर खोल. त्याने माझ्यासमोर कॅल्क्युलेटर काढला. "साडेचार लाख लिटरच्या वर जातं, काका. इथे नळाला पाऊण तास पाणी येतं." पाणी रोज बदलत नाहीत, तेच फिल्टरमधून फिरवतात आणि क्लोरीन घालतात, असं मी मोठ्या हौशीने सांगितलं. नको तिथे ज्ञान पाजळलं.

"तेच? म्हणजे सगळ्यांचं तेच?" त्याने केलेली सही खोडली. नुसती रेघ मारून नाही, गिरवून गिरवून.

आणि सगळ्यांच्या शेवटी यायचा तो प्रश्न: "तुम्हाला येत असेल ना पोहायला?"

लहानपणी मामाने पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकललं होतं. गाठ सुटली. डबा तरंगला. तेव्हापासून मी पाण्याशी बादलीपुरता संबंध ठेवला आहे. सयाजीराव महाराजांनी आजव्याचं सरोवर बांधून शहराला पाणी दिलं, 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्यातच पोहणंही घातलं असतं, तर आमच्या आजोबांपासून पुढचे सगळे निभावले असते.

सत्त्याऐंशी सह्या झाल्या. एक खोडलेली, एक दुबार. महापालिकेच्या कचेरीत पहिल्या दिवशी ‘साहेब मीटिंगमां छे’ आणि दुसऱ्या दिवशी ‘थई जशे’, म्हणजे होऊन जाईल. बडोद्यात जन्म गेलेल्या माणसाला ‘थई जशे’ समजावून सांगावं लागत नाही. त्यात कर्ता नसतो आणि तारीखही नसते. तिसऱ्या दिवशी जागा विचारली. सोसायटीमागचा रिकामा प्लॉट आम्ही लिहून दिला, अर्जाच्या नंबराची चिठ्ठी मिळाली, ती मी पाकिटात देवाच्या फोटोमागे ठेवली.

जुलैत पाऊस लागला आणि प्लॉट भरला. चांगला मांडीभर. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला तीन म्हशी आल्या आणि नाकपुड्या वर ठेवून निवांत पडून राहिल्या. गुडघ्याचा भार कसा उतरतो, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मी गॅलरीतून बघत राहिलो. मग डास झाले. सेक्रेटरींनी पाणी साचल्याची तक्रार केली, पंप आला, हत्तीच्या सोंडेएवढा पाइप टाकून संध्याकाळपर्यंत प्लॉट कोरडा.

रात्री माझ्या मोबाइलवर मेसेज आला: ‘आपनी अरजीनो निकाल करवामां आवेल छे.’

मी दुखऱ्या गुडघ्याने जिना उतरून काकांकडे गेलो. काकांनी चिठ्ठीवरचा नंबर ताडून पाहिला. आमचाच होता. मग खाली शेरा वाचला: ‘प्लॉटमांथी पाणीनो निकाल कर्यो छे.’ गुजरातीत अर्जाचाही निकाल होतो आणि पाण्याचाही. आमच्या बाबतीत दोन्ही एका पाइपातून गेले.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला म्हशी वेळेवर आल्या. ओल्या चिखलाकडे बघत बराच वेळ उभ्या राहिल्या.

"ह्यांच्या सह्या घ्यायच्या राहिल्या," काका म्हणाले.