'शेवटी चिकटवलेली साडेतीन वर्षं': 'निरीक्षक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

निरीक्षक यांस,

नॅनोहर्ट्झ गुरुत्वीय लहरींवरच्या माझ्या लेखाखाली (या लहरींचं एक आंदोलन वर्षानुवर्षं चालतं; पल्सार या घड्याळासारखे नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या फिरत्या ताऱ्यांच्या ठोक्यांच्या वेळा मोजून त्या शोधतात) तुम्ही लिहिलं आहे: "युरोपियनांनी 25 वर्षं मोजलं, आपण शेवटी साडेतीन वर्षांची नोंद चिकटवली आणि श्रेय घेतलं. 3 सिग्मा म्हणजे काहीच नाही. जाळीच्या जुन्या थाळ्यांनी नॅनोसेकंद मोजतात हे लोकांना खपवू नका. खोडदचं कौतुक आता पुरे."

(खोडद म्हणजे पुणे जिल्ह्यातली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण; तिच्या थाळ्या तारेच्या जाळीच्या आहेत.) मतभेदाचं मला वावडं नाही. पण 'चिकटवली' आणि 'खपवू नका' ही भाषा चर्चेची नाही. अशा शब्दांत तुम्ही माझ्यावर नाही, तर निरीक्षणं घेणाऱ्या, ती गाळून-तपासून फाइली तयार करणाऱ्या मंडळींवर लबाडीचा आरोप करता आहात, आणि तोही एकही आकडा न देता. हे मला अजिबात पटलं नाही.

तुमचं एक मान्य करतो. युरोपीय गटाच्या 25 पल्सारांपैकी फक्त 10 पल्सारांना भारतीय नोंदींची जोड मिळाली. हा आकडा लेखात यायला हवा होता, तो आता इथे दिला. 3 सिग्माबद्दल, म्हणजे निकाल नुसत्या योगायोगाने येण्याची शक्यता हजारात एकाच्या आसपास असण्याबद्दल, फार लिहीत नाही. शोध लागला म्हणायला लागणारे 5 सिग्मा नाहीत हे सगळ्याच गटांनी स्वतःहून सांगितलं आहे. पण युरोपीय-भारतीय, अमेरिकी, ऑस्ट्रेलियन आणि चिनी अशा चार गटांचे निकाल 29 जून 2023 ला एकदम आले आणि सगळ्यांचा कल एकाच दिशेला होता. त्याला 'काहीच नाही' म्हणायला धाडस लागतं. जाळीचंही तसंच. 1460 मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे 20 सेंटिमीटर असते आणि जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची. त्या लहरीला ही 45 मीटरची थाळी जवळपास सलगच वाटते. शिवाय नॅनोसेकंद थाळी मोजत नाही. अर्ध्या तासात सुमारे सहा लाख ठोके एकमेकांवर रचले जातात, त्यांचा सरासरी आकार नमुन्याशी जुळवला जातो आणि त्या जुळणीतून आगमनाची वेळ काढली जाते.

आता 'शेवटी चिकटवली'. पल्सारच्या टायमिंग फाइली हे माझं रोजचं काम आहे, म्हणून हे वाक्य मी सोडून देऊ शकत नाही.

जे1909-3744 हा पल्सार घ्या. फिरण्याचा काळ 2.95 मिलिसेकंद, डीएम साधारण 10.4. डीएम म्हणजे वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचा एकूण हिशेब. या इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारतेच्या लहरी मागे पडतात, आणि हा उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. 1360 मेगाहर्ट्झला तो सुमारे 23 मिलिसेकंद आहे, 400 मेगाहर्ट्झला सुमारे 269. म्हणजे एकाच क्षणी निघालेला ठोका वारंवारतेच्या या दोन पट्ट्यांमध्ये 80 हून जास्त फेऱ्यांच्या अंतराने पोचतो. हा उशीर कायम सारखा राहिला असता तर वजा करून मोकळं होता आलं असतं. पण पल्सार सरकतो, पृथ्वी सरकते, वाटेतला वायू बदलतो, वर्षातून एकदा पल्सारची दिशा सूर्याजवळ आली की सौरवाऱ्याची भर पडते. डीएम नुसता 0.0001 ने हलला तरी 1360 ला वेळ 220 नॅनोसेकंदांनी सरकते. आपण शोधतो त्या लहरींचा परिणाम याच पातळीवरचा, आणि तोही वर्षानुवर्षं हळूहळू वर-खाली होणारा. डीएमही तसाच हळूहळू बदलतो. एकाच पट्ट्यात मोजलं, तर लहर कुठली आणि वायू कुठला हे कोणीही सांगू शकत नाही, मग 25 वर्षं मोजा नाहीतर 50.

तोच 0.0001 चा बदल 400 मेगाहर्ट्झला 2.6 मायक्रोसेकंद दिसतो, म्हणजे साडेअकरा पट. सुधारित जीएमआरटीचं महत्त्व इथे आहे. तिचे 30 अँटेना गटांत विभागून काही 300 ते 500 मेगाहर्ट्झवर आणि काही 1260 ते 1460 वर एकाच वेळी लावता येतात. अमेरिकी गटाच्या ग्रीन बँक दुर्बिणीवर दोन पट्ट्यांची निरीक्षणं वेगवेगळ्या दिवशी घेतली गेली, तेवढ्या दिवसांत डीएम बदललेला असू शकतो.

हे बटण दाबून होत नाही. अँटेनांच्या कला (फेज) जुळवाव्या लागतात. आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, हलला की त्या बिघडतात आणि कॅलिब्रेटरवर (आधीच माहीत असलेल्या रेडिओ स्रोतावर) जाऊन पुन्हा जुळवाव्या लागतात. लांबच्या भुजांवरच्या अँटेना आधी दगा देतात. 200 मेगाहर्ट्झचे 1024 चॅनेल केले तरी 400 ला एकेका चॅनेलमध्ये ठोका 260 मायक्रोसेकंद पसरतो, आणि या पल्सारचा ठोका त्याहून कितीतरी अरुंद आहे, म्हणून कोहेरंट डीडिस्पर्शन, म्हणजे हा पसारा मूळ सिग्नलमधूनच उलटा काढणं, लागतं. वर विजेच्या तारांमधला 50 हर्ट्झचा गोंगाट गाळायचा. चिकटवणं असतं तर यातलं काहीच लागलं नसतं.

आणि 25 वर्षांच्या लांबीचा तुम्ही एवढा भरवसा धरता, तर युरोपीय गटाचा स्वतःचा निकालच वाचा. पूर्ण 24.7 वर्षांच्या नोंदींत हेलिंग्ज-डाउन्स संबंधाच्या (पल्सारांच्या जोड्यांमधल्या कोनानुसार वेळांत दिसणाऱ्या गुरुत्वीय लहरींच्या खुणेच्या) बाजूने बेझ फॅक्टर, म्हणजे पुरावा किती पट झुकतो याचं माप, 4 च्या आसपास आला. जुन्या नोंदी वगळून शेवटची 10.3 वर्षंच घेतली तेव्हा तो 60 झाला. जुनी यंत्रणा अरुंद पट्ट्याची होती आणि डीएमवर तिची पकड नव्हती, हे त्यामागचं एक संभाव्य कारण आहे.

खरा आक्षेप घ्यायचा होता तर दुसराच होता. कमी वारंवारतेला प्रकीर्णनामुळे, म्हणजे वाटेतल्या वायूत लहरी विखुरल्यामुळे, ठोक्याला शेपटी फुटते, आणि ती वारंवारतेच्या साधारण चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढते. जे1643-1224 सारख्या पल्सारमध्ये ही शेपटी डीएममध्ये मिसळून तो चुकवू शकते. शिवाय दोन पट्ट्यांतल्या लहरी अवकाशातल्या नेमक्या त्याच वाटेने येत नाहीत, त्यामुळे 400 चा डीएम 1400 ला जसाच्या तसा लावणं धोक्याचं. यावर तुम्ही विचारलं असतं तर मी आनंदाने लिहिलं असतं. त्याऐवजी तुम्ही हेतूवर घसरलात.

इनपीटीए या भारतीय पल्सार टायमिंग गटाचा पहिला डेटा खुला आहे, त्यात 14 पल्सार आहेत. जे1909-3744 ची फाइल टेम्पो2 या टायमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घाला. आधी फक्त वरच्या पट्ट्याच्या वेळा ठेवून डीएम बसवा आणि त्रुटी लिहून घ्या. मग खालच्या पट्ट्याच्या वेळा घालून पुन्हा बसवा. दोन्ही आकडे इथे टाका, त्यांवर बोलू. आकड्यांशिवाय पुन्हा हीच भाषा आली तर मी उत्तर देणार नाही.