पाहुणे राहू देत, आधी गवंडी शोधा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात पोरांसाठी काहीतरी करू म्हणणारी माणसं कमी नाहीत. सुट्टी जवळ आली की फोन सुरू होतात आणि पहिला प्रश्न ठरलेला: उद्घाटनाला कोण? मग बॅनर, मग शाल-श्रीफळ. पोरं दिवसभर काय करणार, हे सगळ्यात शेवटी, चहा घेताघेता ठरतं. ‘व्यक्तिमत्त्व विकास’ लिहून टाकलं की झालं! मला हे पटत नाही.

आधी कॅलेंडर बघा. पुण्या-कोल्हापूरची मंडळी दिवाळीची लांब सुट्टी धरून शिबिर आखतात. इथं वेळापत्रक कर्नाटकाचं. उन्हाळी सुट्टी एप्रिलात लागते, मेअखेर शाळा उघडायची तयारी सुरू, आणि लांब सुट्टी दसऱ्याला. पेरणी-लावणीच्या दिवसांत येळ्ळूर शिवारातल्या पोराला रविवारी बोलावलंत तर तो येणार नाही. येऊही नये, घरी हात हवे असतात.

आता करायचं काय? गवंडी पातळी कशी बघतो ते आठवा. पारदर्शक नळी, त्यात पाणी. दोन्ही टोकं वर धरली की दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीत. ह्या नळीनं शाळेच्या आवाराचा उतार पोरांकडून मोजून घ्या. एकजण फाटकाशी, एकजण वर्गाच्या दाराशी, दोघांकडं मोजपट्टी उभी. फाटकाशी पाणी जमिनीपासून 80 सेंमीवर आणि दाराशी 95 वर, म्हणजे दाराची जमीन 15 सेंमी खाली. नळीत बुडबुडा राहिला की आकडे चुकतात. टिचक्या मारून तो बाहेर काढेपर्यंत सगळा गट नळीवर वाकलेला असतो. सातवीतला एकजण म्हणाला, “ओ दादा, पाणी आमच्या वर्गातच का घुसतंय ते कळालं की!” पाणी समान पातळीत राहतं, हा पुस्तकातला धडा त्यानं पाठ केलेला होता, बरं का.

हे शिकवायला गवंडीच लागतो, प्राध्यापक नको. पण गवंड्याचा दिवस बुडतो. पाहुण्यांच्या शालीला पैसे निघतात आणि गवंड्याला मात्र “समाजकार्य आहे, समजून घ्या”. का म्हणून? स्वयंसेवा करायची हौस आपली, त्याची नव्हे. बजेटमध्ये पहिली ओळ त्याच्या पगाराची लिहा.

पाऊस मोजणं तर त्याहून सोपं. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा डबा उघड्यावर ठेवायचा आणि रोज सकाळी साडेआठला पट्टी घालायची. 1 मिमी म्हणजे चौरस मीटरला 1 लिटर. शाळेचं छप्पर 100 चौरस मीटर असेल तर 10 मिमी पावसात हजार लिटर, हा हिशेब पोरं स्वतःच घालतात. आपल्या जिल्ह्याची गंमत अशी की मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीत जुलैत कपडे वाळत नाहीत, आणि अथणीकडं त्याच दिवसांत डोळे आभाळाकडं. दोन्हीकडच्या शाळांनी रोजचे आकडे एकमेकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावेत, बस्स. बळ्ळारी नाल्याचं पाणी गेल्या पावसाळ्यात कुठवर आलं होतं, हे शेतकऱ्यांना विचारून नकाशावर खुणा करता येतील. पण ते उन्हाळ्यात. पावसात पोरांना नाल्याकाठी नेऊ नका.

पोरांना नियोजन जमत नाही म्हणणाऱ्यांनी दिवाळीत बेळगावच्या गल्ल्यांतून एक चक्कर मारावी. किल्ल्याला माती कुठली, पोती कुणाची, वर्गणी किती, बुरूज कोण घालणार, मोठ्यांनी काही सांगावं लागत नाही. आपण फक्त प्रमाण लावायचं. राजहंसगड करायचा असेल तर आधी वर जाऊन तटाची लांबी दोरीनं मोजायची आणि 1:100 नं खाली उतरवायची.

“ह्याला मार्क मिळतात काय ओ?” असं पालक विचारतात. नाही मिळत. प्रमाणपत्रसुद्धा देणार नाही.

येत्या दसऱ्याच्या सुट्टीत बारा पोरांचा एकच गट घ्यायचा विचार आहे, सोबत दोन मोठी माणसं. पालकांची सही आणि प्रथमोपचाराची पेटी असल्याशिवाय बाहेर पडणार नाही. मोटर रिवाइंडिंग करणारे, उद्यमबागेत फाउंड्रीच्या ओतकामासाठी लाकडी पॅटर्न (नमुने) करणारे, वडगावात अजून मागावर बसणारे कुणी ओळखीचे असतील तर कमेंटमध्ये कळवा. दिवसाचा पगार देऊ. सत्कार होणार नाही, तेही त्यांना आधीच सांगून ठेवा.