गार्ड कोणाच्या हुकमाखाली, हे आधी बघा

अमेरिकेच्या नॅशनल गार्डवरचा लेख आवडला, पण 'राष्ट्राध्यक्षांनी आदेश दिला की गार्ड रस्त्यावर उतरते' हे वाक्य खटकले. गार्ड म्हणजे राज्याराज्यांतले राखीव सैन्यदल; ते एरवी त्या त्या राज्याच्या गव्हर्नरच्या हाताखाली असते. पूर, वणवा, दंगल अशा वेळी गव्हर्नरच ते बोलावतो आणि खर्च राज्य उचलते. केंद्रीय कायद्यांच्या संहितेतल्या 'टायटल ३२' या भागाखाली पैसा केंद्राचा, हुकूम मात्र गव्हर्नरचाच. त्याच संहितेतले 'टायटल १०' लागू झाले की सूत्रे राष्ट्राध्यक्षांकडे जातात, आणि मग १८७८ चा पॉसी कॉमिटेटस कायदा आड येतो: सैनिकांनी पोलिसांचे काम करायचे नाही. त्यातून वाट काढून देतो तो १८०७ चा इन्सरेक्शन (बंडाळीविरोधी) कायदा.

लिटल रॉकचा उल्लेख लेखात हवाच होता. १९५७ मध्ये आर्कान्सॉचे गव्हर्नर फॉबस यांनी लिटल रॉक शहरात नऊ कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत जाऊ न देण्यासाठी गार्ड उभे केले. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी तेच गार्ड केंद्राच्या ताब्यात घेतले, लष्कराची १०१वी एअरबोर्न डिव्हिजन पाठवली आणि मुलांना वर्गात पोचवले. जवान तेच, गणवेश तोच, फक्त हुकूम देणारा बदलला! १९६५ मध्ये सेल्मा इथून निघालेल्या कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्क मोर्चाच्या संरक्षणासाठी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनीही गव्हर्नरची मागणी नसताना अलाबामाचे गार्ड ताब्यात घेतले. हुकूम कोणाचा हा प्रश्न इतका कळीचा, म्हणूनच २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरचा विरोध डावलून लॉस एंजेलिसमध्ये गार्ड उतरवले, तेव्हा प्रकरण थेट कोर्टात गेले. वॉशिंग्टन डीसीची गोष्ट वेगळी. ते राज्य नाही, तिथे गव्हर्नरच नाही, त्यामुळे तिथले गार्ड पहिल्यापासूनच राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीत आहे. लेखात डीसी आणि लॉस एंजेलिस एकाच परिच्छेदात आले आहेत, ते कृपया वेगळे करा.