चॅप्लिन असं म्हणालाच नव्हता

दर १६ एप्रिलला, त्याच्या वाढदिवशी, सकाळी सातच्या आत आमच्या घरच्या ग्रुपवर चार्ली चॅप्लिन उगवतो. मामा पाठवतात, खाली दहाबारा जणांचे जोडलेले हात येतात. मजकूर ठरलेला: चॅप्लिनने एकच विनोद तीनदा सांगितला, तिसऱ्यांदा कुणीच हसलं नाही. तेव्हा तो म्हणाला, एकाच विनोदावर पुन्हा हसता येत नाही, तर एकाच दुःखावर पुन्हा पुन्हा रडता कशाला? मग त्याची 'काळजाला भिडणारी' वाक्यं. मला पावसात चालायला आवडतं, कारण माझे अश्रू कुणाला दिसत नाहीत. ज्या दिवशी हसलो नाही तो दिवस वाया गेला. त्याच्याखाली मुलीला लिहिलेलं पत्र, आणि तोंडी लावायला ती स्पर्धेची गोष्ट: चॅप्लिनसारखं दिसायच्या स्पर्धेत खुद्द चॅप्लिन तिसरा आला. यंदा मामांना दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो, ते काही दोन ओळींत मावेना.

आधी तो तीनदा सांगितलेला विनोद. हे कुठे घडलं, कधी, कुणासमोर, यातलं काहीच कुठल्या फॉरवर्डमध्ये नसतं. पण पुराव्याचं राहू द्या. ज्याने चॅप्लिनचं काम थोडं जरी पाहिलंय, त्याला हे वाक्य ऐकताक्षणी खटकायला हवं. विनोद दुसऱ्यांदा केला की शिळा होतो, असं मानणारा माणूस या धंद्यात टिकलाच नसता. १९०८ पासून फ्रेड कार्नोच्या नाटक कंपनीत तो तीच ती प्रहसनं रात्रीमागून रात्र करत होता; त्याचं सगळं शिक्षण या घोटवण्यातच झालं. 'द गोल्ड रश' या चित्रपटात जेवणाच्या दोन काट्यांना दोन पाव टोचून त्याने टेबलावर त्यांचा पायांसारखा नाच केलाय. बर्लिनच्या पहिल्या खेळाला लोकांनी तो एवढा डोक्यावर घेतला की रीळ मागे फिरवून तेवढा तुकडा तिथल्या तिथे पुन्हा दाखवला. लोक पुन्हा हसले!

आणि त्याचा चित्रपट 'सिटी लाइट्स'. त्यातलं एकच दृश्य सांगतो, कारण मला चॅप्लिन खरा कळला तो तिथे. रस्त्याच्या कडेला एक आंधळी फुलवाली बसलीय. चॅप्लिनने रंगवलेल्या फाटक्या भटक्याला ती श्रीमंत समजते, आणि पुढची सगळी गोष्ट या गैरसमजावर उभी आहे. पण तिचा हा समज होणार कसा? ती पाहू शकत नाही आणि चित्रपट मूक आहे, म्हणजे त्याला काही बोलताही येणार नाही. या एका प्रश्नापाशी चॅप्लिन महिनोन् महिने अडून बसला. चित्रीकरण १९२८ च्या अखेरीस सुरू झालं ते १९३० पर्यंत रखडलं. नायिका व्हर्जिनिया चेरिलला त्याने मधे काढून टाकलं, पुन्हा बोलावलं. फुलवालीच्या या भेटीचे ३४२ टेक झाले अशी नोंद आहे.

उत्तर सापडलं ते असं. पोलिसाला टाळायला भटक्या वाटेत उभ्या असलेल्या आलिशान मोटारीत एका दाराने शिरतो आणि दुसऱ्या दाराने फुटपाथवर उतरतो. दार बंद होतं, आणि तो आवाज ऐकून मुलगी फूल पुढे करते. मोटारीतून उतरला म्हणजे शेठच असणार! तो खिशातलं नाणं देतो. ती सुटे पैसे काढतेय तोवर गाडीचा खरा मालक येतो, दार लावतो आणि गाडी निघून जाते. तिला वाटतं, गिऱ्हाईक सुटे न घेताच गेलं. भटक्या तिथेच उभा आहे. तो हळूच चवड्यांवर मागे सरतो आणि जरा पलीकडे बसून तिच्याकडे पाहत राहतो. तिला पत्ताच नाही. ती भांडं विसळते आणि आतलं पाणी बरोबर त्याच्या तोंडावर फेकते. दाराचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, पण तिने तो ऐकला हे आपल्याला दिसतं. ३४२ टेक घेऊन तो हे मिळवत होता. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करू नका, हा उपदेश याच्या तोंडी घालायचा म्हणजे कमाल आहे.

पावसातले अश्रू. हे वाक्य त्याने म्हटल्याचा विश्वासार्ह दाखला मला कुठेही भेटलेला नाही, आणि ते चॅप्लिनला शोभतही नाही. हा माणूस लपूनछपून रडणाऱ्यांतला नव्हता, निदान पडद्यावर तरी. १९१९ च्या जुलैत त्याचं पहिलं मूल तीन दिवसांचं होऊन गेलं, आणि त्याच उन्हाळ्यात 'द किड' या चित्रपटाचं काम सुरू झालं. त्यात अनाथालयाची माणसं भटक्याने वाढवलेल्या पोराला गाडीत घालून नेतात, पोरगं हात पसरून आकांत करतं, आणि भटक्या छपरांवरून धावत गाडी गाठतो. त्याने पोराला उराशी धरलंय तेव्हाचा त्याचा चेहरा कॅमेऱ्याने जवळून, भर उजेडात टिपलाय. पाऊस नाही, छत्री नाही.

न हसल्याने वाया गेलेला दिवस हा निकोला शांफोर या फ्रेंच लेखकाचा. तो १७९४ मध्ये वारला, चॅप्लिन जन्मला १८८९ मध्ये. संपला विषय. स्पर्धेच्या गोष्टीचंही तेच: १९२० च्या आसपास वर्तमानपत्रांत ऐकीव गप म्हणून छापून आली आणि तेव्हापासून फिरतेय. कुठल्या गावी, कुठल्या तारखेला, पहिला कोण आला, याचा एकही धड दाखला नाही. गोष्ट गमतीची आहे, गप म्हणून सांगायला माझी ना नाही.

पत्राचं मात्र मला वाईट वाटतं, कारण ते वाचून मामींच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. म्हातारा विदूषक नाताळच्या रात्री पॅरिसमध्ये नाचणाऱ्या मुलीला, जेराल्डीनला, लिहितोय: टाळ्यांनी हुरळू नकोस, गरिबांना विसरू नकोस, अंग झाकून राहा. हे लिहिलं फरजोल्ला सबा नावाच्या इराणी पत्रकाराने, १९६० च्या दशकात, एका फारसी नियतकालिकासाठी. कल्पित पत्र म्हणून आपणच ते लिहिलं, असं तो पुढे सांगत राहिला, ऐकतो कोण! बारकाईने वाचलं तर पत्रच चुगली करतं. त्यातला एकाकी, फकीर बाप कुठे आणि स्वित्झर्लंडमध्ये वव्हेजवळच्या वाड्यात आठ मुलांच्या गोतावळ्यात राहणारा चॅप्लिन कुठे. आणि सोज्वळपणाचे धडे द्यायला तो सोज्वळ होता का? त्याच्या पहिल्या दोन्ही बायका लग्नाच्या वेळी अल्पवयीन होत्या, आणि चौथ्या बायकोशी, ऊनाशी, लग्न केलं तेव्हा तो ५४ चा, ती १८ ची. हे फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही.

अमेरिकेने त्याला हाकललं, असंही फॉरवर्डमध्ये असतं; ते निम्मं खरं आहे. १९५२ च्या सप्टेंबरात तो आपल्या 'लाइमलाइट' चित्रपटाच्या लंडनमधल्या खेळासाठी बोटीने निघाला आणि तो समुद्रात असताना त्याचा परत येण्याचा परवाना रद्द झाला. अर्ज करून, चौकशीला तोंड देऊन त्याला परत जाता आलं असतं. त्याने ते नाकारलं आणि पुढच्या वर्षी तो परवाना स्वतःहून परत करून टाकला. तो अमेरिकेत पुन्हा आला थेट १९७२ मध्ये, ऑस्कर घ्यायला.

त्याच्या बालपणीचे हालही फॉरवर्डमध्ये असतात, त्यांबद्दल मात्र ते काही वाढवून सांगत नाही. वडील दारूपायी गेले, आईला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावं लागलं, आणि सातव्या वर्षी त्याला लंडनमधल्या लॅम्बेथच्या कामघरात, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात आसरा देणाऱ्या घरात, जावं लागलं, हे सगळं दप्तरी नोंदलेलं आहे.

मामांना मी शेवटी एवढंच पाठवलं. चार्ली पाच वर्षांचा असताना इंग्लंडमधल्या ऑल्डरशॉटच्या थिएटरात गाता गाता आईचा आवाज बसला. लोक हुर्यो उडवायला लागले, तेव्हा व्यवस्थापकाने या पोराला रंगमंचावर आणून उभं केलं. तो गायला लागला, लोकांनी नाणी फेकली. गाणं अर्ध्यावर सोडून त्याने सांगितलं, आधी पैसे गोळा करतो, मग पुढचं गातो. लोक हसले. व्यवस्थापक रुमाल घेऊन मदतीला आला, तर हा बिचकला, आता हाच सगळे घेऊन जाणार! रुमाल आईच्या हातात पडेपर्यंत तो त्याच्या मागे मागे फिरला, आणि मगच परत येऊन गायला.

मामांचं उत्तर आलं, "हे तरी खरं ना?" म्हटलं, मामा, साक्षीदार एकच. पंचाहत्तरीत आत्मचरित्र लिहिणारा चॅप्लिन.