312 पानांची 268 कशी झाली: सांगलीतल्या विश्रामबागच्या आमच्या दुकानावरील अभिप्रायाला उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय वाचला. तक्रारी अशा आहेत. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली कादंबरी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइल-संगणकावर मराठीच दिसणाऱ्या संकेतात, बदलायला 312 पानं दिली, परत 268 आली. प्रकरण 17 अर्धवट आहे. तळटीपा मोबाइलवर इंग्रजी गिचमिड दिसतात आणि मुद्रकाकडे जोडाक्षरं तुटली. 1,872 रुपये सांगून 2,752 घेतले आणि दहा दिवसांचे एकोणीस केले. शिवाय स्क्रिव्हनर हे लेखकांसाठीचं सॉफ्टवेअर शिकवतो म्हणून वर्डच शिकवलं. यातल्या काही गोष्टी सरळसरळ आमच्या चुका आहेत, काही नाहीत. दोन्ही इथेच लिहितो, कारण जुन्या फॉन्टमधली कादंबरी घेऊन आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला यातलं काही ना काही भोवतं.

आधी पानं. वर्डमध्ये फॉन्टच्या चौकटीत आकाराचे दोन खाने असतात, एक लॅटिन मजकुरासाठी आणि दुसरा कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी. देवनागरी दुसऱ्यात मोडते. कृतिदेवमधला मजकूर दिसायला मराठी असला तरी वर्डच्या लेखी तो इंग्रजीच. 'मराठी' हा शब्द फाइलच्या पोटात ई, जे, के, मोठा बी आणि एच असा साठवलेला असतो, वर फक्त मराठी मुखवटा. त्यामुळे तुम्ही लावलेला 16 चा आकार लॅटिनच्या खान्यात होता. युनिकोड झाल्याबरोबर मजकूर दुसऱ्या खान्याचा आकार घेतो आणि तुमच्या फाइलमध्ये तिथे 14 होते. पानं आटली ती इथे. ओळींमधलं अंतर तेच ठेवून आकार 16 केला की आमच्याकडे 306 पानं भरतात. कंट्रोल आणि डी दाबून चौकट उघडा, दोन्ही खाने दिसतील.

म्हणून रूपांतरानंतर पानं मोजू नयेत, शब्द मोजावेत. फॉन्ट बदलला तरी शब्दांमधल्या मोकळ्या जागा त्याच राहतात. आम्ही घेतलेल्या फायलींचे शब्द आधी 78,940 होते, नंतर 78,936. तो चारचा फरक संवादातल्या डॅशभोवतीच्या जागांचा आहे.

306 आणि 312 मधली जी सहा पानं उरतात, ती मात्र खरोखर गेली. ती प्रकरण 17 चीच. चूक आमची.

तुमच्या पेनड्राइव्हवर या प्रकरणाच्या चार फायली होत्या: 'प्रकरण 17', 'प्रकरण 17 फायनल', 'प्रकरण 17 फायनल नवीन' आणि व्हॉट्सअॅपवरून उतरवलेली एक. आमच्याकडे कामाला बसलेल्या मुलाने फोल्डर तारखेप्रमाणे लावलं आणि सर्वांत वरची उचलली. ती व्हॉट्सअॅपवाली होती. व्हॉट्सअॅपवरून उतरवलेल्या फाइलला फोल्डरमध्ये दिसणारी तारीख उतरवल्याची असते, लिहिल्याची नव्हे. जुना खर्डा त्या तारखेमुळे सर्वांत नवा वाटला. फाइल उघडून 'फाइल' आणि मग 'इन्फो' पाहिलं असतं, तर शेवटची दुरुस्ती कधीची ते आत नोंदलेलं सापडलं असतं. ती नोंद फाइलबरोबर प्रवास करते. आम्ही पाहिलं नाही, तुम्हाला विचारलंही नाही. जुन्या खर्ड्यात 3,100 शब्द आहेत, 'फायनल नवीन'मध्ये 4,650. (आणि हो, 'फायनल नवीन' या नावाच्या फाइलवर आमचा आता कोणाचाही विश्वास उरलेला नाही.)

आता तळटीपा, हीही चूक आमचीच. रूपांतरासाठी आम्ही जे मॅक्रो (वर्डमध्ये आपोआप काम करणारी छोटी आज्ञावली) वापरतो ते मजकुराचा तुकडा तुकडा घेऊन त्याचा फॉन्ट बघतं. कृतिदेव असेल तर बदलतं, टाइम्स न्यू रोमन असेल तर हात लावत नाही. मधले इंग्रजी शब्द त्यामुळे वाचतात. सगळा मजकूर एखाद्या मोफत रूपांतर-खिडकीत चिकटवला की इंग्रजी शब्दांचीही 'मराठी' होते, वर तिरपा-ठळकपणा आणि तळटीपा उडतात ते वेगळंच. पण वर्डमध्ये तळटीपा मुख्य मजकुराचा भाग नसतात, त्यांचा गठ्ठा वेगळा असतो. पानावरच्या शीर्षपट्टीचं आणि मजकूर-चौकटींचंही तसंच. मॅक्रो फक्त मुख्य मजकुरावर फिरलं. तुमच्या 64 तळटीपा जुन्या फॉन्टमध्येच राहिल्या. आमच्या संगणकावर कृतिदेव टाकलेला असल्याने त्या डोळ्यांना मराठीच दिसल्या आणि तपासणीतून सुटल्या. तुमच्या मोबाइलवर तो फॉन्ट नाही, त्यामुळे पितळ तिथे उघडं पडलं. या आठवड्यापासून प्रत्येक फाइल कृतिदेव नसलेल्या मोबाइलवर उघडून पाहिल्याशिवाय दुकानातून बाहेर जाणार नाही.

घरी तपासायचं असेल तर शंकेचा मजकूर निवडून फॉन्ट एरियल करा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड. इंग्रजी अक्षरं उमटली तर आतून अजून जुनाच माल आहे.

'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' झालं, हेही तुम्ही ओघात लिहिलंय. ही मॅक्रोची नेहमीची खोड. ऱ्य आणि र्य युनिकोडमध्ये वेगवेगळ्या पद्धतीने साठवावे लागतात. मॅक्रो साधा र, हलन्त आणि य लिहून मोकळं होतं, मग र चा रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो. सगळे र्य शोधून एका फटक्यात बदलता येत नाहीत, कारण 'कार्य', 'सूर्य', 'पर्याय' बरोबरच आहेत. आचार्यांना जेवायला बोलावलं आणि आचाऱ्यांना बोलावलं यात फरक आहे, तो माणसालाच कळतो. तुमच्या फाइलमध्ये अशी 412 ठिकाणं होती, एकेक पाहिली, तरी सात सुटली. तुमच्या 'दऱ्या' दोनदा समुद्रात गेल्या. ती सात आता दुरुस्त आहेत.

मोबाइलवर टाइप केलेल्या प्रकरण 20 ते 23 मध्ये आणखी एक बारीक गोष्ट निघाली. ॲ हे अक्षर मोबाइलचा कीबोर्ड एकच चिन्ह म्हणून लिहितो, मॅक्रो मात्र अ वर चंद्र ठेवून दोन चिन्हांत. दिसायला दोन्ही सारखे. पण 'ॲडव्होकेट' शोधलं तर निम्मेच सापडतात. सगळीकडे एकच पद्धत केली आहे.

मुद्रकाकडे जोडाक्षरं तुटली, ही तक्रार मात्र आम्ही स्वीकारत नाही. आमच्या वर्ड फाइलमध्ये आणि तिच्याच पीडीएफमध्ये जोडाक्षरं शाबूत आहेत, दोन्ही तुमच्याकडे आहेत, ताडून बघा. मुद्रकाने मजकूर इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतला असणार. तिथे परिच्छेदासाठी साधा कंपोजर (ओळी जुळवणारी सोय) असला की देवनागरीची जुळणी होत नाही. वेलांटी भलतीकडे जाते, हलन्त उघडा पडतो. परिच्छेदाच्या मेन्यूत 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर' निवडला की हाच मजकूर जागच्या जागी बसतो. एवढं वाक्य त्यांना वाचून दाखवा. फॉन्टही सांगा. मराठी वळणाचे ल आणि श हवेत तर यशोमुद्रा किंवा शोभिका घ्यावा. मंगल वापरला तर ते हिंदी वळणाचे येतील आणि तुम्हाला ते खटकतील.

पैशांचं. 312 पानं, पानाला 6 रुपये, म्हणजे 1,872. वरचे 880 हे परिशिष्टाच्या हाताने लिहिलेल्या 22 पानांच्या टायपिंगचे, पानाला 40. दर भिंतीवर लावलेला आहे. पण ती पानं फाइलींच्या गठ्ठ्यात खाली निघाली तेव्हा काम थांबवून तुम्हाला फोन करायला हवा होता. न विचारता केलेल्या कामाचे पैसे मागणं बरोबर नाही. 880 रुपये परत देतो, टाइप केलेलं परिशिष्ट तुमच्याकडेच राहील. नऊ दिवस का वाढले? प्रकरण 9 ते 14 कृतिदेव नव्हते, श्रीलिपीच्या फॉन्टमधले होते. त्यातली अक्षरांची मांडणी निराळी, त्यामुळे कृतिदेवचं मॅक्रो तिथे चालत नाही. फाइल घेतानाच सगळी प्रकरणं उघडून पाहिली असती तर पहिल्याच दिवशी एकोणीस सांगितले असते. आता घेतानाच पाहतो.

स्क्रिव्हनरबद्दल तुमचा राग समजतो, कारण फोनवर आम्ही होकार दिला होता. तुम्ही निम्मं लेखन अँड्रॉइड मोबाइलवर करता हे कळल्यावर बेत बदलला. स्क्रिव्हनर मॅक, विंडोज आणि आयफोन-आयपॅडवर चालतो, अँड्रॉइडवर नाही. दुसरं म्हणजे त्याचा प्रकल्प ही एक फाइल नसून विंडोजवर फाइलींनी भरलेलं अख्खं फोल्डर असतं. आतली 'स्क्रिव्हएक्स' फाइल म्हणजे फक्त अनुक्रमणिका. ती एकटी पाठवली तर समोरच्याला रिकामा डोलारा मिळतो. शिवाय तुमचं सगळं गूगल ड्राइव्हवर आहे आणि स्क्रिव्हनर बनवणारेच चालू प्रकल्प तिथे ठेवू नका म्हणतात. साठ-सत्तर प्रसंग उलटसुलट हलवून बघायचे असतील तर तो उत्तमच. तुमची कादंबरी सरळ काळक्रमाने जाणारी आहे. वर्डमध्ये प्रकरणांच्या नावांना 'हेडिंग 1' लावलं की डावीकडच्या नॅव्हिगेशन पट्टीत प्रकरणं ओढून पुढेमागे करता येतात. तेवढ्याने तुमचं भागतं, असं आमचं मत. पण ते तुम्हाला आधी सांगायचं होतं, शिकवणीच्या दिवशी नव्हे.

प्रकरण 17 बसवताना आम्ही असं करणार आहोत. 'फायनल नवीन' आधी युनिकोड करायचं. मग वर्डच्या 'रिव्ह्यू'मधलं 'कंपेअर' उघडून डावीकडे जुना खर्डा, उजवीकडे नवा. फरक रंगवलेली तिसरी फाइल तयार होते, मूळच्या दोन्हींना धक्का लागत नाही. जुनी फाइल कृतिदेवमध्ये ठेवून कंपेअर केलं तर मात्र पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत सगळंच रंगतं. त्या तिसऱ्या फाइलवर तुम्ही समोर बसून 'ॲक्सेप्ट' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं. 'फायनल नवीन'मधून तुम्ही स्वतः वगळलेला आजीचा परिच्छेद जुन्या खर्ड्यात आहे, तो ठेवायचा की नाही हे आम्ही ठरवू शकत नाही.

त्यानंतर पेनड्राइव्हवर फक्त दोन फोल्डर ठेवू. 'मूळ' मध्ये तुमच्या सगळ्या जुन्या फायली, न उघडण्यासाठी. 'चालू' मध्ये एकच फाइल, नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. म्हणजे फोल्डर नावाप्रमाणे लावलं तरी क्रम चुकत नाही आणि डाउनलोडच्या तारखेची भानगड उरत नाही. एक प्रत गूगल ड्राइव्हवर. तिथे 15 जीबी फुकट मिळतात आणि चित्रं नसलेली तुमची अख्खी कादंबरी त्यात एखाद्या फोटोएवढीही जागा घेत नाही. घरातल्या हार्ड डिस्कवरही ठेवाच, पण तेवढ्यावर विसंबू नका. संगणक खालच्या मजल्यावर आणि डिस्क त्याच टेबलाच्या खणात असेल, तर कृष्णेला ती एकच प्रत. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर सांगलीत हे वेगळं समजावून सांगायला लागू नये.

अभिप्राय काढा किंवा बदला असं आम्ही म्हणणार नाही. सोमवार ते शनिवार सकाळी अकरा ते संध्याकाळी सात कधीही या, प्रकरण 17 ला तासभर लागेल. पेनड्राइव्हबरोबर तुमचा मोबाइलही आणा, 64 तळटीपा त्यावरच तपासायच्या आहेत.